इंजिन अजून गार आहे

मोटारीचे इंजिन 'तापले' असे कोणी म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. घाटाच्या वळणावर तिरकी उभी केलेली गाडी, चाकामागे लावलेला दगड, बॉनेटमधून निघणारी वाफ, आणि पाण्याची बाटली हातात घेऊन झऱ्याच्या शोधात निघालेला कुटुंबप्रमुख. 'तापणे' ही आपल्याकडे तक्रार आहे. उलट इंजिन 'गार' आहे म्हटले की सारे कसे सुखरूप वाटते. गार पाणी, गार वारा, गार सावली! आपल्यासारख्या उन्हाच्या देशात गारपणाला नावे कोण ठेवील?

इंजिनाच्या संसारात मात्र हा हिशेब अगदी उलटा आहे. नव्वद अंशांच्या आसपासची ऊब ही त्याची निरोगी अवस्था. तिच्या खाली ते आजारी नसले तरी अंथरुणातून नुकतेच उठलेले असते. मौज अशी की ह्या निरोगी अवस्थेला मराठीत शब्दच नाही. 'गरम' म्हणावे तर बिघाड वाटतो, 'कोमट' म्हणावे तर आंघोळीचे पाणी आठवते, आणि 'ऊबदार' तर दुलईच असू शकते. गॅरेजमधले मिस्त्री 'गाडी टेंपरेचरला आली' असे म्हणून मोकळे होतात. एरवी इंग्रजी शब्दांची चाळण हातात घेऊन बसणारा मी मराठीचा प्राध्यापक. पण ह्या एका शब्दापुढे मीही मुकाट्याने मान तुकवतो.

घरातल्या बायकांना मात्र ही गोष्ट न शिकवता ठाऊक असते. तवा पुरता तापल्याशिवाय त्या घावन घालत नाहीत. घाई करून घातलेले पहिले घावन तव्याला चिकटते, फाटते, आणि घरातल्या सर्वांत सोशिक माणसाच्या पानात पडते. (आमच्या घरी तो मान माझा.) तव्याच्या बाबतीत जे आपल्याला पटते ते इंजिनाच्या बाबतीत का पटू नये?

तुम्ही म्हणाल, आजच हा विषय कशासाठी? तर त्याचे कारण आपली घरे जिथे जाऊन बसली आहेत ती जागा. पूर्वी वाड्यातून निघालेल्या गाडीला हमरस्ता गाठण्यापूर्वी बराच प्रपंच करावा लागे. बोळ, चौक, सायकलवाले, रस्त्यात ऐसपैस बसलेली म्हैस, भाजीबाजार, रेल्वेचे फाटक, आणि शेवटी जकात नाका. ह्या सगळ्यांतून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर वाट काढता काढता वीस मिनिटे जात, आणि गाव मागे पडेतो इंजिन आपसूक तयार झालेले असे. आता जकात नाकेही गेले आणि बोळही गेले. आम्ही राहतो पुण्याच्या पश्चिम टोकाला, पुनावळ्याला. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर दोन वळणे घेतली की कात्रज-देहू रोड बाह्यवळण महामार्ग. तिथून किवळे गाठले की मुंबईचा एक्स्प्रेसवे सुरू. रात्रभर तळघरात झोपलेली गाडी पहाटे उठते, आणि चार-पाच मिनिटांत तिच्या काट्याने शंभरावर असावे अशी तिच्याकडून अपेक्षा असते. माणसाला जागे करून तोंडही धुऊ न देता पळायला लावावे, तशातला हा प्रकार.

इंजिनाच्या पोटात त्या वेळी काय चालले असते, हे जरा सांगितले पाहिजे. रात्रभरात ऑइल ठिबकत ठिबकत खाली तळाच्या भांड्यात जाऊन बसलेले असते. वरच्या भागांवर राहिलेला असतो तो नुसता पुसट हात. किल्ली फिरवली की पंप ते ऑइल वर चढवू लागतो. पण गार ऑइल घट्ट. थंडीच्या दिवसांत बुधल्यातली काकवी ओतू पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ते बारीक नळ्यांतून आणि सांध्यांतून चपळाईने खेळत नाही. आता हिशेब पाहा. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला साध्या पेट्रोल गाडीचे इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे मारते. म्हणजे प्रत्येक पिस्टन एका सेकंदात चाळीस-पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो. आणि तो ज्या नळकांड्यात खालीवर करतो त्याच्या भिंतीत नि त्याच्यात फट असते केसाच्या जाडीहूनही कमी.

ह्या पिस्टनची एक गंमत आमच्या चिरंजीवांनी मला सांगितली. (ते यंत्रशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, आणि माझ्या अज्ञानावर त्यांचा फार लोभ आहे.) मी समजत होतो की पिस्टन गोल असतो. तसे नाही. कारखान्यातच तो मुद्दाम किंचित लंबगोल घडवतात, वरच्या बाजूला किंचित निमुळता ठेवतात. तो ऍल्युमिनियमचा, नळकांडे बहुधा बिडाचे. तापल्यावर ऍल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. तेव्हा गार असताना वाकडा असलेला हा प्राणी तापला म्हणजे बरोबर गोल होतो आणि आपल्या जागी चपखल बसतो. तोवर तो नळकांड्यात थोडा थोडा डुलत असतो, भिंतीवर थापा मारत असतो. जुन्या गाड्यांत सकाळी सकाळी ऐकू येणारी ती टकटक ह्याचीच. घडवणाऱ्याने जी वस्तू गार असताना वाकडीच घडवली, तिच्याकडून पहिल्याच मिनिटाला सरळ वर्तनाची अपेक्षा कशी करायची?

आणखी एक गोष्ट ऐकून मी थक्क झालो. पेट्रोल जळले की पाणी होते. थेंब-दोन थेंब नव्हे, लिटरमागे सुमारे लिटरभर! शेरास शेर म्हणा ना. गाडी गरम असली की ते वाफ होऊन मागच्या नळीवाटे निघून जाते. इंजिन गार असेल तर त्यातले थोडे आतल्या गार भिंतींवर घाम फुटावा तसे जमते आणि ऑइलमध्ये उतरते. त्यात गार इंजिनाला चेतवण्यासाठी पेट्रोल जास्त पाजावे लागते. न जळलेला त्याचा अंशही ऑइलमध्येच. रोज दीड किलोमीटरवरच्या मंडईत जाऊन परत येणाऱ्या गाडीच्या ऑइलचे झाकण उघडून पाहा. आतल्या बाजूला दह्याच्या निवळीसारखा पांढुरका चिकट थर दिसेल. आमच्या मिस्त्रीने तो बोटावर घेऊन आमच्या सौ.ना दाखवला होता. "ताई, ही साय बघा. आठवड्यातनं एकदा लांब काढत जा गाडी, अर्धा-पाऊण तास. सगळं वाळतं आतलं." तेव्हापासून दर रविवारी आम्ही सहकुटुंब गाडी वाळवायला जातो. तिखट मिसळ नि गोड चहा हा त्या औषधाचा अनुपान.

ही सगळी विद्या आमच्या घरात ज्यांच्याकडून आली ते माझे वडील, तात्या. १९८८ साली नाशिकला असताना त्यांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. बँकेतला कॅशियर माणूस. ती गाडी म्हणजे त्याच्या आयुष्यातले एकमेव धाडस. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनणे बंद झाल्यालाही आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईत ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्या दिवशी तात्यांनी संध्याकाळी चहा नको म्हटले होते.

नाशिकच्या थंडीत पारा आठ-नऊ अंशांवर उतरे. अशा सकाळी पद्मिनी सुरू करणे हे एक अनुष्ठान असे. तात्या मफलर गुंडाळून बसत. चोकची मूठ ओढायची, पायाने ऍक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबायचा, मग किल्ली. ती खोकत असे, शहारत असे, पुन्हा गप्प होत असे. तिसऱ्या खेपेला कुठे ती धरे. धरली की तात्या एकदम गाडी काढत नसत. चोक थोडा आत, पुन्हा थोडा आत, कान आवाजाकडे. आम्ही दोघे भाऊ मागच्या सीटवर दप्तरे मांडीवर घेऊन बसलेलो. शाळेची घंटा जवळ येत असे. "तात्या, चला ना!" "अरे, तिला जरा जागी तर होऊ दे." चोक पुरता आत गेला, की मग हातातला गिअर टाकून आमची स्वारी निघे. तीही द्वारका चौकापर्यंत दुसऱ्या गिअरवर, वरातीच्या चालीने. मागचे लोक हॉर्न वाजवत. तात्यांना ऐकू येत नसे. त्यांना फक्त इंजिन ऐकू येत असे.

आता हे तात्या आणि माझे चिरंजीव एका घरात राहतात, म्हणजे काय होत असेल ह्याची कल्पना करा.

नातवाचे म्हणणे असे की चोकचे युग कधीच संपले. आता पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो. ऑइलही ते राहिले नाही. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे काहीसे लिहिलेले असते. त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. म्हणजे गार असतानाही ते बऱ्यापैकी पातळ राहते आणि गरम झाल्यावर पाणी होत नाही. "आजोबा, गाडीबरोबर येणारं पुस्तक वाचा. उभ्या उभ्या इंजिन तापवू नका असंच लिहिलेलं असतं. तीन मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं. धूर साफ करणारं भांडं असतं ना, ते अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही. तोवर सगळं विष तुमच्या-माझ्या नाकात."

तात्यांचे म्हणणे असे की पुस्तक लिहिणारा गाडी विकून मोकळा होतो.

मी दोघांचेही ऐकून घेतो. मध्यमवयीन माणसाला दुसरे काय जमते? पण ऐकता ऐकता मला असे दिसले की दोघेही खरे बोलत होते आणि दोघेही अर्धेच बोलत होते. जागेवर उभे राहून इंजिन सावकाश तापते, त्या अर्धवट गारव्यात जास्त वेळ राहते, म्हणून नातवाचे बरोबर. सुरू झाल्यावर क्षणभर थांबावे, ऑइल वर चढू द्यावे आणि निघावे. पण निघावे म्हणजे उधळावे असे त्या पुस्तकात कुठेच लिहिलेले नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे हलक्या पायाने चालवा, असेच तिथेही आहे. ती ओळ चिरंजीव वाचत नसत. आणि आमच्या घराची गोम अशी की त्या हलक्या पायाला रस्ताच नाही. महामार्गावर चाळिसाच्या चालीने जावे तर मागून येणारा कंटेनर तुमच्या इंजिनाच्या तब्येतीची चौकशी करत थांबत नाही.

मी माझ्यापुरता तोडगा काढला आहे. माझे कॉलेज लोणावळ्याच्या अलीकडे. साडेसातचा पहिला तास. एक्स्प्रेसवेने गेलो तर दहा मिनिटे वाचतात हे खरे. पण मी देहू रोड, सोमाटणे फाटा, तळेगाव असा जुन्या रस्त्याने जातो. दुधाच्या गाड्या, शाळेची पोरे, लष्करी ट्रक ह्यांच्या मागेमागे पन्नासच्या आत-बाहेर. आमच्या गाडीत तपमानाचा काटा नाही, त्याऐवजी एक चिमुकला निळा दिवा आहे. पाणी गार असेतो तो तेवतो, मग विझतो. तो विझला की पुष्कळांना वाटते, झाले, आता मोकळे रान. पण तो दिवा पाण्याचा. ऑइलला त्या ऊबेपर्यंत पोचायला आणखी बराच वेळ लागतो, आणि त्याचा दिवा गाडीत कोणी बसवलेलाच नाही. तळेगाव मागे पडले की मी समजतो, आता तेही आले. मग दाबतो पाय.

खरे सांगायचे तर ही सवय मला वर्गानेच लावली. सकाळी साडेसातला पोरे वर्गात असतात, पण पोचलेली नसतात. आल्या आल्या शार्दूलविक्रीडिताचे गण विचारले तर वर्गाचा टकटक आवाज होतो नि बंद पडतो. म्हणून मी हजेरी सावकाश घेतो. कोणाची लोकल चुकली, कोणाच्या गावाला पाऊस किती पडला, असे दोन-चार शब्द बोलतो. आमचे प्राचार्य म्हणतात, हजेरीत आठ मिनिटे जातात. जातात खरी. ख्याल गाणारा गवई काय आल्याबरोबर द्रुत धरतो? कीर्तनकार पूर्वरंगावाचून आख्यानात शिरतो?

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅनडात विनिपेगला असते. तिथल्या हिवाळ्यात गाड्यांच्या नाकातून विजेच्या वायरीची शेपटी लोंबत असते म्हणे. रात्री ती भिंतीतल्या प्लगला जोडायची, म्हणजे इंजिनाला गोधडीखाली निजवल्यासारखे होते. फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या इंजिनांचे तर आणखी कौतुक. ती इतकी घट्ट बसवलेली असतात की गार असताना सुरूच करत नाहीत. बाहेर तापवलेले पाणी आणि ऑइल आधी त्यांच्या अंगात खेळवतात, मग कळ दाबतात. हे मी तात्यांना सांगितले तेव्हा त्यांनी नातवाकडे असे काही पाहिले, की जणू ती शर्यत त्यांनीच जिंकली. नातू म्हणाला, "आजोबा, आपली पुढची गाडी विजेची घेऊ. इंजिनच नाही, मग गार काय नि गरम काय!" तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मग सकाळी बोलायचं कशावर?"

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटेचे पावणेतीन वाजले असतील. तात्यांच्या खोलीतून भांडे पडल्याचा आवाज आला. मी गेलो तर ते पलंगाच्या काठावर बसलेले. एक हात छातीवर, कपाळ घामाने डबडबलेले. "काही नाही, जरा पित्त झालंय," म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई राहतात, त्या गाऊनवर शाल घेऊन धावत आल्या. नाडी पाहिली, एक गोळी चावायला दिली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वाट कुणाचीही पाहू नका. गाडी काढा. आत्ता."

गाडी चिरंजीवांनी काढली. मी तात्यांना घेऊन मागे बसलो, सौ. पुढे. तळघराच्या चढावर इंजिन ओरडले. फाटकाचा पहारेकरी बाजूला उडाला. दोन वळणे, की महामार्ग. पोराने एकदाही मागे पाहिले नाही. ट्रकांच्या रांगेतून फट मिळाली तशी गाडी आत घातली आणि पाय दाबला. काटा साठ, ऐंशी, शंभर. त्या अंधारात समोर दोनच गोष्टी लखलखत होत्या: तो काटा आणि तो निळा दिवा. इंजिनाचा आवाज मला कर्कश वाटला; एरवी मला आवाजातले काही कळत नाही.

तात्यांचे डोके माझ्या खांद्यावर होते. श्वास तोकडा. मला वाटले त्यांना काही सांगायचे आहे. मी कान जवळ नेला. ते माझ्याशी बोलतच नव्हते.

"गार आहे रे अजून," ते नातवाला सांगत होते. "दोन मिनिटं… जरा दमानं…"

"असू दे, आजोबा," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तुम्ही बोलू नका."

बाणेरच्या त्या इस्पितळाशी पोचायला आम्हांला नऊ मिनिटे लागली, असे मागाहून सौ.नी सांगितले. वीस वर्षे मी उपमा-दृष्टान्त शिकवतो आहे. त्या नऊ मिनिटांत मला एकही सुचला नाही. एक हात तात्यांच्या पाठीवर होता आणि दुसऱ्या हाताने मी पुढची सीट धरली होती, एवढेच आठवते.

एक रक्तवाहिनी पुरती बंद, दुसरी बंद होण्याच्या बेतात. पहाटेच दोन स्टेंट घातले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा उजाडले होते. "वेळेत आणलंत. अर्धा तास इकडेतिकडे झाला असता तर…" असे म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिले. मीही ते पुरे करायला सांगितले नाही. चिरंजीव खाली गाडीत जाऊन बसले होते. मी चहा घेऊन गेलो तर स्टिअरिंगवर डोके टेकून रडत होते. विसाव्या वर्षी मुलाच्या पाठीवर हात ठेवायचा असतो की त्याला एकटे सोडायचे असते, हे कुठे लिहून ठेवलेले नाही. मी चहाचा पेला नुसता पुढे ठेवला आणि शेजारच्या सीटवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी एकेकाला आत भेटायला सोडू लागले. नातवाला पाहताच तात्यांनी विचारले, "काटा किती होता?"

"शंभर. मध्ये एकदा थोडा वर."

"आणि निळा दिवा?"

"ताथवडं मागे पडल्यावर विझला."

"तो पाण्याचा," तात्या म्हणाले. "ऑइल बाणेरपर्यंत गारच." मग बराच वेळ छताकडे पाहत राहिले. नर्सने घड्याळ दाखवले तसा मुलगा उठला. तात्यांनी त्याचा हात धरला. "बदलून घे. ऑइल. आणि फिल्टरही."

ऑइलची मुदत भरायला अजून आठ महिने होते. तरी आम्ही गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने पट्टी ओढून पुसली, बोटावर ऑइल चोळले, नाकाशी नेले. इंजिन चालू करून मान तिरकी केली, ऐकले. "काय झालंय ह्याला? चांगलं आहे की."

मी हकिगत सांगितली. तो हसला. "एका रात्रीनं काय होतंय, साहेब? रोज सकाळी असंच उडवायला लागलात तर चार-पाच वर्षांनी माझ्याकडं येताल. आजोबांचं मन राखायचं म्हणून बदलतो, एवढंच." झिजेचे असे असते म्हणे. कोणत्याही एका सकाळी ती दिसत नाही. टर्बोच्या गाड्या त्याच्याकडे येतात त्यांची गोष्ट त्याने सांगितली. त्या चिमुकल्या टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारते आणि ते सारे ऑइलच्या पातळ पडद्यावर. तरुण मुले गार गाडी फाटकातूनच उधळतात, आणि पोचल्यावर लाल तापलेली तशीच बंद करतात. "त्यांच्यावरच आमचं पोट आहे," तो म्हणाला. माझ्या चिरंजीवांनी हे ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले. पण आमच्या घरात हे लक्षण चांगले मानले जाते.

घरी सोडताना इस्पितळाने तात्यांच्या हाती एक छापील कागद दिला. चालण्याचा व्यायाम कसा करावा त्याविषयी. पहिली पाच मिनिटे अगदी सावकाश चालावे. मग हळूहळू वेग वाढवावा. शेवटची पाच मिनिटे पुन्हा सावकाश. थंडीत पहाटे एकदम घराबाहेर पडू नये. तात्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि सौ.ना म्हणाले, "हे मी १९८८ सालापासून सांगतोय."

आता रोज सकाळी सात वाजता, ऊन तळघराच्या उतारावर येते त्या सुमारास, तात्या तिथे चालतात. पहिली पाच मिनिटे हातात घड्याळ धरून. कॉलेजला जायला निघालेले चिरंजीव त्याच वेळी खाली येतात. पूर्वी गाडीत बसण्याआधीच त्यांचा पाय ऍक्सिलरेटरवर असे. हल्ली किल्ली फिरवून ते स्वस्थ बसतात. आरसा पुसतात, पट्टा लावतात, उगाच काहीतरी शोधतात. आजोबा गाडीपाशी येतात, बॉनेटशी थांबून मान तिरकी करतात. सुरुवातीचा जरा चढा आवाज असतो तो हळूहळू उतरतो, आणि तरी गाडी जागची हलत नाही. परवा मी वरून गॅलरीतून पाहत होतो. मिनिट झाले, दीड मिनिट झाले. शेवटी तात्यांनी काचेवर बोटाने टकटक केले.

"नीघ आता," ते म्हणाले. "उगाच पेट्रोल जाळू नकोस."